चाळीस सेकंद

राखीव डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाची गत रग्बीच्या राखीव खेळाडूसारखी असते. सामना चालू असेपर्यंत बाकावर बसा, कुणी ढुंकून बघत नाही. मैदानात उतरल्यावर पहिलाच चेंडू हातातून सुटला, तर मात्र अख्खं गाव तुमच्या नावाने बोटं मोडायला मोकळं. तोरिकाने हे काम सहा वर्षं केलं आणि चेंडू कधी सुटू दिला नाही. ज्या दिवशी सुटला, त्या दिवशी तो तिच्या हातात कधी आलेलाच नव्हता.

मामला रक्ताचा होता. बेटाबेटांवरच्या एकोणीस दवाखान्यांत कुठल्या गटाच्या किती पिशव्या आहेत, ह्याची नोंद राजधानीतल्या, सुवाच्या कचेरीतल्या मुख्य डेटाबेसमध्ये असायची. तीच नोंद पाठोपाठ, शब्दाला शब्द, दुसऱ्या शहरातल्या, लौतोकाच्या राखीव डेटाबेसमध्ये उमटायची. सुवा बंद पडलं की तोरिकाने लौतोकाला मुख्य करायचं. पण तेवढ्याने भागत नाही. यजमानाने घर बदललं तर पाहुण्यांना नवा पत्ता कळायला हवा ना! म्हणून प्रत्येक दवाखान्याच्या संगणकात जोडणीची एक ओळ लिहायची होती: आधी सुवाचा पत्ता, मग लौतोकाचा, सुवा दहा सेकंदांत बोललं नाही तर लौतोकाला विचार, आणि दोघांपैकी जे मुख्य असेल त्याच्याशीच बोल. ही ओळ तोरिकाने स्वतः बांधली होती. एकोणीस ठिकाणी बोटीने जाऊन ती बसवायचं काम केलेपीचं.

केलेपी तिचा तौवू. दोघांच्या गावांचा मूळ देव एकच, म्हणून हे नातं जन्माने येतं, जुळवावं लागत नाही. आणि ह्या नात्यात मानबिन काही नसतो, नुसती थट्टा. तौवूचा डबा उचलावा, छत्री न्यावी, त्याच्या बापाच्या मयतातही त्याची टिंगल करावी. समोरच्याने हूं की चूं करायचं नाही. तौवूने घेतलं ते गेलं. कचेरीत रुजू झाली त्या पहिल्याच दिवशी तिच्या टेबलावरचं रोटीचं पार्सल उघडून त्याने विचारलं होतं,

"काय आहे आत?"

"बटाटा. हात लावलास तर बघ."

"अरे वा! खेकडेखाऊंच्या बेटावरची पोरगी मला दम देते!"

"समुद्राला घाबरणाऱ्या कोळ्याला दम कशाला द्यायचा? बादलीभर पाणी दाखवलं तरी पुरे."

अर्धी रोटी त्याच्या तोंडात होती, तरी तो खो खो हसला. समुद्राचं खरंच होतं. कोळ्यांच्या गावचा असून बोटीत पाय ठेवला की केलेपीचा चेहरा कच्च्या पपईसारखा व्हायचा. तरी तो दर हंगामात दौऱ्यावर जायचा, निदान सगळ्यांना तसं वाटायचं, आणि परत येताना काहीबाही घेऊन यायचा. कुणासाठी चटई, कुणासाठी नारळाचं तेल. तोरिकासाठी एकदा चार मोठे खेकडे आणले, म्हणाला, लांबच्या बेटावरच्या तुझ्या उलामिला नर्सने पाठवलेत, खेकडेखाऊंना खेकडे. तिने ते नारळाच्या दुधात शिजवले आणि सगळ्या कचेरीला खिलवले.

त्याची अजून एक खोड होती. दिवसभर संगणकात डोकं घालून बसणारा हा माणूस स्वतःचं सगळं एका निळ्या वहीत पेनाने लिहायचा. कुठलं यंत्र कुठे, कुठली कळ कधी दाबली, तारीखवार. वही त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत, आणि पिशवी जेवतानाही खांद्यावर.

"वादळात वीज गेली की तुझं डोकं बंद," तो तिला चिडवायचा, "माझी वही चालूच."

वर्षातून एकदा रंगीत तालीम व्हायची. तोरिका सुवाचा डेटाबेस मुद्दाम बंद करायची, लौतोकाला मुख्य करायची आणि भिंतीवरच्या पडद्याकडे बघत उभी राहायची. एकोणीस दवाखान्यांचे एकोणीस ठिपके लाल व्हायचे. केलेपी आपल्या खोलीचं दार लावून आत बसायचा, दवाखान्यांशी फोनवर बोलतो म्हणून. आणि मग सगळे ठिपके एकदमच हिरवे व्हायचे. टाळ्या पडायच्या, यांगोनाचं, झाडाच्या मुळांपासून केलेल्या पेयाचं, मोठं पातेलं बाहेर यायचं. पहिल्याच तालमीला तोरिकाने घड्याळ लावलं होतं.

"केलेपी, ओळीत मी दहा सेकंद लिहिलेत. चाळीस का लागले?"

"मध्ये समुद्र आहे, बाई," तो वाडगा पुढे करत म्हणाला. "पाणी ओलांडायला वेळ लागणारच!"

सगळे हसले. तीही हसली, चांगली पोट धरून. पुढे प्रत्येक तालमीला चाळीस सेकंद लागायचे, प्रत्येक वेळी तो तेच म्हणायचा, आणि प्रत्येक वेळी ती हसायची. सहा तालमी झाल्या. सहा अहवालांवर 'यशस्वी' असं लिहून खाली दोन सह्या झाल्या, एक त्याची आणि एक तिची.

अशा एका तालमीच्या वेळी उलामिला प्रशिक्षणाला सुवाला आली होती. सगळ्यात लांबच्या बेटावर वीस वर्षं नर्स म्हणून काढलेली, आडव्या अंगाची, फटकळ बाई. तालीम बघून बाकीचे टाळ्या वाजवत होते तेव्हा हिने तोरिकाला गाठलं.

"खेळ छान झाला. उद्या खरंच सुवा बुडालं तर?"

"तरी तुझ्या संगणकाचा पडदा उघडेल."

"हा कचेरीचा शब्द की तुझा?"

"माझा," तोरिका म्हणाली. हे बोलताना तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ओळ तिची होती आणि बसवणारा तिचा तौवू होता.

मंगळवारी वादळ आलं. आधी ठरल्याप्रमाणे तोरिका सोमवारीच लौतोकाला जाऊन बसली होती, केलेपी सुवात. सकाळी नऊ वीसला त्याचा फोन आला.

"तळघरात पाणी शिरलंय. यंत्रं गेली. वीज बंद केलीय."

"माणसं?"

"सगळी वर आहेत."

"बरं. मग लौतोकाला मुख्य करते."

"थांब," तो म्हणाला. "जरा थांब ना."

"कशासाठी?"

"काही नाही. कर तू."

तिने केलं. लौतोकाच्या यंत्राने निमूटपणे मुख्यपद घेतलं, एकही नोंद हरवली नव्हती. आपल्या कामावर खूश होऊन ती पडद्याकडे बघत बसली. जोडलेले दवाखाने: शून्य. तिने दहा मोजले. शून्य. चाळीस मोजले. मग शंभर. मग मोजणं सोडून तिने केलेपीला फोन लावला. घंटा वाजत राहिली. तिने पुन्हा लावला, पुन्हा नुसती घंटा.

नऊ चाळीसला उलामिलाचा फोन आला. "तोरिका, पडदा उघडत नाही."

"बघतेच आहे मी."

"बघून झालं की ऐक. सालानिएता म्हणून बाई आहे, पहाटे बाळंत झाली. बाळ ठणठणीत आहे, पण हिचं रक्त थांबत नाही. कुणालाही चालणारं, ओ निगेटिव्ह, माझ्याकडे एकच पिशवी होती, ती लावली. दुसरी जवळात जवळ कुठे आहे, तेवढं मला हवंय."

इथे तोरिकाने जे केलं ते तिने पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही. लौतोकाच्या यंत्रासमोर ती स्वतः बसली होती. रक्त कुठे आहे ते तिला अर्ध्या मिनिटात सांगता आलं असतं. पण तिला वाटलं, ओळ तर जागेवर आहेच, दुसऱ्या पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं असणार. ते दुरुस्त केलं की हिचा पडदा उघडेल आणि बाकीच्या अठरांनाही तेच सांगता येईल. ज्यावर विश्वास असतो ते माणूस आधी तपासत नाही.

"जोडणीची फाईल उघड," ती म्हणाली. "मला वाचून दाखव. पहिला पत्ता?"

कळफलकाचा आवाज, मागे तान्ह्या बाळाचं रडणं. "सुवा," उलामिला म्हणाली.

"दुसरा?"

"दुसरा नाही."

"नीट बघ. लौतोका असेल बघ पुढे."

"बाई, मला वाचता येतं. एकच शब्द आहे. सुवा. पुढे टिंब आणि संपलं."

"असं कसं? केलेपी आला होता तेव्हा त्याने–"

"कोण केलेपी? फोनवर बोलतो तो? तो कधी इथे आला? त्याने फोनवरूनच मला एवढा शब्द टाइप करायला सांगितला, म्हणाला बास, झालं तुमचं."

तोरिका पूर्ण ओळ सांगू लागली, अक्षर अक्षर, आणि तिसऱ्या अक्षराला तिचं तिलाच भान आलं. फोन खांद्यात धरून तिने स्वतःच्या यंत्रावर शोधलं. उलामिलाच्याच बेटावर, डोंगरापलीकडच्या मिशनच्या दवाखान्यात, सोमवारी दोन पिशव्या उतरल्या होत्या. ट्रकने अर्ध्या तासाची वाट.

"उलामिला! ओळ सोड. रक्त तुमच्याच बेटावर आहे! मिशनच्या–"

फोन निर्जीव झाला होता. नऊ एक्कावन्न. बेटावरचा टॉवर गेला होता.

उत्तर तोरिकाच्या डोळ्यांसमोर पडद्यावर लखलखत होतं आणि ते सांगायला कुणी नव्हतं. तिने मिशनला फोन लावला, तोच टॉवर. पोलिसांच्या बिनतारीवाल्यांना गयावया केली. त्यांच्या वाट्याला त्या दिवशी साऱ्या देशाचे निरोप होते. मग तिने डोळे पुसले आणि उरलेल्या सतरा दवाखान्यांना एकेक करून फोन लावत पूर्ण ओळ तोंडी सांगितली. सतराही ठिकाणी तोच एकटा शब्द निघाला, सुवा. दुपारी तीन वाजता पडद्यावर सतरा हिरवे ठिपके होते. सालानिएता साडेबारालाच गेली होती.

शुक्रवारी बेटावरचा टॉवर उभा राहिला आणि उलामिलाचा फोन आला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी होडी पाठवली, नेहमीसारखी, पलीकडच्या बेटावर. आमचं रक्त तिथूनच येतं. लाटांनी होडी परत फेकली. मिशनला पिशव्या आल्यात हे मला कोण सांगणार होतं? पडदा नऊला उघडला असता तर मी स्वतः ट्रक घेऊन गेले असते."

"हो."

"तू शब्द दिला होतास."

"हो," तोरिका म्हणाली. आणि मग, का कोण जाणे, तिने विचारलं, "उलामिला, गेल्या वर्षी तू केलेपीबरोबर मला खेकडे पाठवले होतेस ना?"

"कसले खेकडे?" उलामिला म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

सुवाची कचेरी अजून चिखलाने घाण मारत होती. केलेपी जिन्यात गमबूट धूत होता. तिला बघताच त्याने सवयीने आवाज टाकला, "आली रे आली, खेकडेखाऊंची राणी आली!"

ती सरळ त्याच्यासमोर येऊन थांबली. तो पाण्याचा नळ बंद करून उभा राहिला.

"एकोणीस ठिकाणी एकच पत्ता," ती म्हणाली. "का?"

"मी दोन्ही टाकले होते. नर्सबायांनी बदललं असेल, त्यांना काय कळतं."

"एकोणीस बायांनी एकसारखंच बदललं?"

केलेपीने खाली बघितलं. "बोटीत मला काय होतं तुला माहीत आहे. फोनवर तुझी ती लांबलचक ओळ सांगायला गेलो तर प्रत्येक बाई चुकायची. मग एकच शब्द ठेवला. तुला सांगितलं असतं तर जन्मभर चिडवलं असतंस."

"चिडवलं असतं," ती म्हणाली. "आणि दुसऱ्या दिवशी मी स्वतः बोटीत बसले असते. तालमी कशा पास झाल्या, केलेपी?"

"झाल्या ना? मग झालं तर."

"चाळीस सेकंद लागायचे. तू दार लावून बसायचास. 'सुवा' हे नाव कुठल्या यंत्राचं, त्याची यादी तुझ्याकडे होती. मी इकडे बंद केलं की तू आत बसून ते नाव हाताने लौतोकाकडे वळवायचास. दवाखान्यांना वाटायचं, आपण सुवाशीच बोलतोय. हो की नाही?"

"नावांच्या यादीचं यंत्र तळघरात होतं," तो म्हणाला. "चिखलात गेलं. आता कुणी काही म्हटलं तरी म्हणणंच ते. आणि अहवालांवर सही तुझीही आहे, तोरिका. विसरू नकोस."

इतकी वर्षं रोटीतला अर्धा वाटा खाणाऱ्या माणसाने केसाने गळा कापला होता, आणि वर रक्ताचा डाग तिच्या अंगावर पुसत होता.

त्यांचे साहेब मुनसामी नायकर. निवृत्तीला वर्ष उरलेला, दोन्ही डगरींवर हात ठेवणारा गृहस्थ. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

"सोमवारी चौकशी आहे. चौकशीवाले कागद बघतात, बाई. ओळ तुझी, तालीम तुझी, सही तुझी. तो म्हणतो तू दिलंस ते त्याने टाकलं. तुझ्याकडे काही लेखी आहे?"

"यंत्र चिखलात गेलं, साहेब."

"मग अवघड आहे," ते म्हणाले आणि खरोखर हळहळले. हळहळण्यापलीकडे काही केलं नाही.

म्हणजे सोमवारी सालानिएताचं मरण तोरिकाच्या नावावर लिहिलं जाणार होतं. उलामिलाच्या मनात ते आधीच लिहिलेलं होतं.

शनिवारी दुपारी तोरिका वडिलांच्या घरी दालोचे कंद सोलत होती, तेव्हा अंगणात माणसं आली. पुढे केलेपीचा मामा अपोरोसा, त्यांच्या गावाच्या वतीने बोलणारा म्हातारा. मागे तीन-चार भाऊबंद आणि शेवटी मान खाली घातलेला केलेपी, काळी सुलू लुंगीसारखी नेसलेला, खांद्यावर पिशवी. अपोरोसाच्या दोन्ही हातांत तांबुआ होता, व्हेलचा मोठा, तेलाने पिवळा पडलेला दात. कशासाठी आलेत हे सांगायची गरज नव्हती. सोरो होता, माफीचं मागणं. सगळे उंबऱ्याशीच बसले.

तोरिकाने दिवस मोजले. रविवार मध्ये, मग सोमवार. पश्चात्ताप झाला असता तर हा तांबुआ होडीत बसून सालानिएताच्या घरी गेला असता. हा आला होता ते हिचं तोंड बंद करायला. सोरो एकदा घेतला की विषय मिटला. त्या घरातल्या माणसाने तो पुन्हा काढला तर घराचीच अब्रू जाते.

अपोरोसाने भाषण केलं. आमचा मुलगा चुकला, आम्ही मान खाली घालून आलो आहोत, दोन गावांचं नातं देवाच्या वेळचं आहे, वगैरे. शब्द सुरेख होते. सालानिएताचं नाव त्यात कुठे नव्हतं.

"ताता," तोरिका स्वयंपाकघराच्या दारातून हळूच म्हणाली, "घेऊ नका."

ताता बंदरावर तीस वर्षं क्रेन चालवून थकलेला, देवभोळा माणूस. त्याने मुलीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत काय होतं ते त्याला नक्की दिसलं, कारण त्याने पटकन नजर वळवली.

"दारात आलेला तांबुआ परत पाठवणारं घर अजून आमच्या गावात जन्मलेलं नाही," तो म्हणाला आणि हात पुढे केले.

केलेपीने दगा दिला तेव्हा तिला राग आला होता. बापाचे हात पुढे झाले तेव्हा तिला एकटं वाटलं, लहान मूल जत्रेत हरवतं तितकं एकटं.

"आता हे दार बंद," अपोरोसा म्हणाला. "आजही बंद, सोमवारीही बंद."

"बंद," ताता म्हणाला.

मग यांगोना आला, टाळी वाजवून पहिला वाडगा फिरला, आणि सुटल्यासारखी सगळ्यांची जीभ मोकळी झाली. तौवूंची बैठक ती, थट्टेवाचून कशी चालणार! कुणीतरी ताताच्या टकलावर बोललं, ताता कुणाच्या तरी पोटावर बोलला. केलेपीचा चेहरा हळूहळू उजळला. तोरिकाने दालोचं ताट आणून मधे ठेवलं, तसा त्याने तिच्या हातातलाच तुकडा ओढून तोंडात टाकला.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला. "खेकडेखाऊंना मीठ परवडत नाही वाटतं?"

हशा पिकला. तो तिच्याकडे आशेने बघत होता, की आता ती काहीतरी बोलेल, समुद्राचं, बादलीभर पाण्याचं, आणि सगळं पूर्वीसारखं होईल. ह्या माणसाला खरंच वाटत होतं की सगळं पूर्वीसारखं होईल. ह्याचंच तिला सगळ्यात आश्चर्य वाटलं.

ती त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसली. शांतपणे त्याच्या खांद्यावरचा पट्टा उचलला, पिशवी काढून घेतली आणि स्वतःच्या खांद्याला लावली.

"छान पिशवी आहे, तौवू," ती म्हणाली. "आवडली मला. नेते."

मंडळी पुन्हा हसली. रीतच होती ती. एकटा केलेपी हसला नाही. त्याचा हात पिशवीकडे गेला, तो अर्धवट उठला, "तोरिका, त्यात माझी–"

अपोरोसाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. "बस रे. शोभतं का हे? तौवूने घेतलं ते गेलं." मग भाच्याचा चेहरा बघून म्हातारा काहीतरी समजला. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि चार गावकऱ्यांसमोर गेला होता.

तोरिका उठली. ताता तिच्याकडे बघत होता.

"काळजी करू नका, ताता," ती म्हणाली. "दार बंद आहे. सोमवारी मी एक शब्द बोलणार नाही."

मागच्या अंगणात पपईच्या झाडाखाली उलटी ठेवलेली बादली होती, तिच्यावर बसून तिने निळी वही उघडली. सगळं होतं, तारीखवार, त्याच्या त्या नीटस अक्षरात. सहा तालमी, सहा पानं. 'नाव वळवलं, ४० से.' 'नाव परत सुवाकडे.' कुठल्या नर्सला फोनवर काय टाइप करायला लावलं, तेही. कुठल्या दिवशी बाजारातून चटई घेतली, तेही. चौकशीवाल्यांना कागद लागतात ना, घ्या म्हणावं कागद. तिला वाटलं होतं हे हातात आलं की बरं वाटेल, आणि थोडं वाटलंही.

मग ती मागे मागे गेली, पहिल्या तालमीपर्यंत. तालीम शुक्रवारी झाली होती. पान आदल्या बुधवारचं होतं, म्हणजे तिने ते घड्याळ लावायच्या दोन दिवस आधीचं. वर लिहिलं होतं, 'हाताने वळवायला ४० से. लागतात, कमी होत नाहीत. तोरिका विचारेल.' त्याखाली, एकदा लिहून खोडलेलं आणि मग अधिक चांगलं करून पुन्हा लिहिलेलं: 'सांगायचं – मध्ये समुद्र आहे, बाई. पाणी ओलांडायला वेळ लागणारच.'

आणि त्याखाली दोनच शब्द होते, 'ती हसेल.'

त्यांच्यापुढे वेगळ्या शाईने, शुक्रवारची तारीख घालून, बरोबरची खूण केलेली होती.